आळीचा वेग

या सदरात बेफाम वाहनांविषयी आम्ही पूर्वी दोन-तीन वेळा लिहिले आहे. ते लेख परवा काढून वाचले असता एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती आम्हांस लाज आणणारी आहे. त्या सर्व लेखांत वेगाने जाणारा मनुष्य परका आहे. तो कोठून तरी येतो, आमच्या आळीतून धूळ उडवीत जातो आणि कोठे तरी नाहीसा होतो. आळीतील माणसे तेवढी सभ्य आणि संकट मात्र बाहेरून येणारे, अशी आमची समजूत होती. ती गेल्या श्रावणात मोडली.

श्रावणी सोमवारचा दिवस होता. सायंकाळी उपवास सोडावयाचा होता, पाहुणे आले होते, आणि ऐन वेळी केळीची पाने कमी पडली असे सूनबाईंनी सांगितले. पानवाली आमच्या पुण्यातील आळीच्या तोंडाशीच बसते. पायी जाऊन येण्यास पाच-सात मिनिटे लागावीत. आम्ही ओसरीवरून नातवास हाक मारली आणि म्हटले, "अरे, गाडी घे आणि पटकन घेऊन ये." नातू सतरा वर्षांचा. परवाना नाही. दारामागच्या खुंटीवरील किल्ली घेऊन तो निघाला. आमच्या घरी ही गोष्ट नवी नव्हती. "आळीतल्या आळीत कसला परवाना?" हे वाक्य आम्ही स्वतः कितीदा तरी उच्चारले होते.

समोरच्या वाड्यातील माई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हातात बेलाची परडी घेऊन शंकराच्या देवळास निघाल्या होत्या. वाड्याच्या दिंडीपुढे एक मोटार उभी होती. तिच्या आडून त्या बाहेर आल्या आणि त्याच वेळी आमचा नातू तेथे पोहोचला. त्याने गाडी वळविण्याचा प्रयत्न केला, परंतु मुठीचा धक्का लागून माई पडल्या. मनगटाचे हाड मोडले आणि खुब्यास मुका मार बसला. खुबा मोडला नाही, हेच दैव.

दुसऱ्या दिवशी आम्ही नातवास घेऊन इस्पितळात गेलो. माई म्हणाल्या, "मास्तर, पोराला मारू-बिरू नका. पण मला आता दाराबाहेर पाय टाकायची भीती बसलीय, तिचं काय करता ते सांगा." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजचा हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

कायदा याविषयी काय म्हणतो हे आम्ही नंतर वाचले. आधी वाचावयास हवे होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ घालण्यात आले. त्याअन्वये अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड. शिवाय त्या वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. माईंनी आणि त्यांच्या मुलांनी तक्रार केली नाही म्हणून हे सारे टळले. आम्ही त्यांच्या चांगुलपणामुळे सुटलो. आमच्या निर्दोषपणाचा त्यात काही भाग नव्हता, हे येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

खरे पाहता मालकास जबाबदार धरण्याचा हा विचार आम्हांस अपरिचित नसावा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनाने होणाऱ्या इजेचे एक प्रकरण आहे आणि ते आम्ही विद्यार्थिदशेत घोकले होते. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आज कोणी मानू नयेत अशाच आहेत; परंतु हे प्रकरण मनन करण्याजोगे आहे. वेसण तुटली, जू मोडले, चाक मोडले, अशा दहा प्रसंगी सारथ्यास दंड नाही. मात्र सारथी अकुशल असल्यामुळे गाडी भलतीकडे गेली आणि इजा झाली, तर दंड गाडीच्या मालकास, आणि तो दोनशे पण. अडाणी हातात कासरा देणारा अधिक दोषी, हा न्याय तेव्हाही लोकांस कळत होता. आम्ही तो मुलांस शिकविला, आणि किल्ली मात्र खुंटीवर टांगून ठेवली.

त्या दहा सवलतींतील शेवटची सवलतही पाहण्यासारखी आहे. "बाजूस हो" असे सारथी ओरडला असेल, तर तो सुटतो! आजचा भोंगा हा त्याच सवलतीचा वारस होय. भोंगा वाजविला की आपले कर्तव्य संपले आणि पुढचे सर्व चालणाऱ्याच्या कपाळी, असे आपण धरून चालतो. बैलगाडीच्या युगात ही सवलत कदाचित शोभत असेल. हाक ऐकून म्हाताऱ्या माणसास दोन पावले सरण्यास अवधी मिळत असे. यंत्राच्या वेगापुढे तो अवधी उरत नाही. किती उरत नाही, हे आम्ही पाटीवर मांडून पाहिले.

अपघातानंतर आठ दिवस नातू घरात कोणाशी धड बोलत नव्हता. एके संध्याकाळी तो आपण होऊन आमच्याजवळ बसला आणि म्हणाला, "आजोबा, मी फक्त चाळीसवर होतो." त्या 'फक्त'चा हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला. वाचकांनीही तो आपल्या मुलांकडून करवून घ्यावा. सातवी-आठवीचे गणित त्यास पुरेसे आहे.

ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे साडेपाच मीटर. ताशी ४० म्हणजे सेकंदास अकरा मीटर. समोर माणूस दिसणे, धोका मनास पटणे आणि हात ब्रेकवर आवळला जाणे, यांत सावध मनुष्यासही सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गाडी मूळच्याच वेगाने धावत असते. त्यानंतर, श्रावणातल्या ओल्या रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदास ताशी १८ किलोमीटरने कमी होतो असे धरले. तेव्हा उत्तर असे आले: ताशी २० च्या वेगाची गाडी एकंदर नऊ मीटरांच्या आत उभी राहते. ताशी ४० च्या गाडीस साडेतेवीस मीटर लागतात. वेग दुप्पट झाला, आणि थांबण्याचे अंतर अडीचपटीहून अधिक वाढले.

मग आम्ही दोघांनी वाड्याच्या दिंडीपासून, माई मोटारीआडून दिसल्या तेव्हा नातवाची गाडी जेथे होती तेथपर्यंतचे अंतर टेपाने मोजले. ते दहा मीटरांच्या आसपास भरले. ताशी २० च्या वेगाने येता, तर माईंपासून हातभर अंतरावर तो उभा राहिला असता आणि माईंनी त्यास दोन शब्द सुनावले असते. ताशी ४० च्या वेगात दहा मीटर संपेपर्यंत ब्रेक लागतही नाही. त्यात आदळण्याची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट वेगाचा आघात चौपट. नातू हे आकडे पाहत बराच वेळ गप्प बसला होता.

शेवटचे गणित आम्ही स्वतःसाठी केले. आमची आळी सुमारे २०० मीटर लांब आहे. ती ताशी २० च्या वेगाने ओलांडण्यास ३६ सेकंद लागतात आणि ताशी ४० च्या वेगाने १८. म्हणजे आमच्या 'पटकन' या शब्दाची किंमत अठरा सेकंद. पाने अठरा सेकंद उशिरा आली असती, तर पाहुणे उपाशी राहिले नसते.

हा एका आळीचा हिशेब झाला. देशाचा हिशेब याहून दारुण आहे. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली; त्यांपैकी ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. मृत्यूंच्या कारणांत अतिवेगाचा क्रमांक पहिला. असे असूनही केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत नगरपालिकांच्या हद्दीतील रस्त्यांवर मोटारीस ताशी ७० आणि दुचाकीस ताशी ६० किलोमीटरपर्यंत कमाल मर्यादा घातली आहे. ती कमी करण्याचा अधिकार राज्यांस आहे, हे खरे. परंतु आळीबोळांसाठी निराळी मर्यादा लिहून पाटी लावली नाही, तर चालविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो मोठा आकडाच राहणार.

आता उपाय. माईंना अपघात झाला त्याच रात्री आळीतील तरुण मंडळी पेटून उठली आणि पहाटेपूर्वी राडारोडा व डांबर आणून आळीत आडवा उंचवटा घालण्याची भाषा बोलू लागली. आम्ही त्यांस थोपविले, कारण शेजारच्या आळीत असाच एक रातोरात झालेला उंचवटा आहे. वीतभर उंच, हातभर रुंद, रंग नाही, सूचना नाही. मागे एकदा पतीच्या मागे एका अंगास बसलेली एक भगिनी त्यावरून उसळून पडली होती. अडाणी औषध रोगाहून वाईट ठरते, तद्वत् हे.

वस्तुतः गतिरोधक हे विचारपूर्वक घडविण्याचे काम आहे. आर्थर कॉम्प्टन या १९२७ सालच्या नोबेल-पारितोषिकप्राप्त पदार्थविज्ञानवेत्त्याने १९५३ च्या सुमारास, अमेरिकेतील सेंट लुई येथे विद्यापीठाचा कुलपती असताना, आपल्या आवारातील मोटारींचा वेग पाहून या उंचवट्यांची रचना हाती घेतली. पुढे १९७३ च्या सुमारास इंग्लंडमधील रस्ता-संशोधनशाळेत निरनिराळ्या आकारांची पारख झाली आणि बारा फूट रुंद, चार इंच उंच असा गोलसर माथ्याचा आकार पुढे आला. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली घालून दिलेले माप जवळपास हेच: जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, माथा गोल, अपेक्षित वेग ताशी २५. अलीकडे सुमारे ४० मीटर सूचनेची पाटी आणि उंचवट्यावर दिसेल असा रंग. असा गतिरोधक हळू जाणाऱ्यास जाणवतही नाही. घाई करणाऱ्यास तेवढा शासन करतो. तो घालण्याचे काम महानगरपालिकेचे आहे. अर्ज करून, पाठपुरावा करून ते करवून घ्यावयाचे. घमेले आणि फावडे घेऊन कोणी उठू नये.

तथापि केवळ उंचवट्याने आळी हळू होत नाही, हे आम्हांस आमच्याच आळीच्या इतिहासावरून कळते. आमच्या लहानपणी ही आळी वाकडी होती. एका वाड्याचा ओटा पुढे आलेला, पलीकडे पार, मध्येच विहिरीचा कठडा, पुढे वळणावर औदुंबर. दहा पावलांपुढचे दिसत नसल्यामुळे टांगेवालाही घोड्यास आवरून धरी. पुढे वाडे पडले, इमारती उठल्या, ओटे गेले, आणि आळी सरळ व रुंद झाली. आम्हीच तेव्हा "आता कशी मोकळी झाली!" म्हणून आनंद मानला. मोकळ्या सरळ रस्त्यावर पाय आपोआप जोर धरतो. तेथे पाटी काहीही सांगो. वेग हा मनुष्याच्या स्वभावात जितका आहे तितकाच रस्त्याच्या घडणीतही आहे.

हीच गोष्ट हॉलंडमधील लोकांनी उलट्या दिशेने करून दाखविली. त्या लहानशा देशात १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्याची मुलगी अशीच गेली त्या एका पत्रकाराने पुढच्या वर्षी 'मुलांची हत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाने आईबापांची चळवळ उभी राहिली. त्याच सुमारास डेल्फ्ट शहरात घरांमधील रस्ते मुद्दाम वाकडे करण्याचा प्रयोग चालला होता. सरळ वाटेत झाड लावावयाचे, बाक ठेवावयाचा, गाड्या उभ्या करण्याच्या जागा एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे आखावयाच्या, म्हणजे येणाऱ्या मोटारीस नागमोडी जावे लागते आणि वेग आपोआप उतरतो. अशा रस्त्यावर चालणाऱ्यास आणि खेळणाऱ्या मुलास सगळ्या रुंदीचा हक्क. मोटारीने पायी चालण्याच्या गतीने जावे. १९७६ साली तेथील कायद्याने त्यास मान्यता दिली. या रस्त्यास त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ 'राहत्या घरांचे अंगण' असा आहे. आम्ही ओटे पाडून जे गमावले, ते त्यांनी झाडे लावून मिळविले!

हा केवळ एका देशाचा छंद नव्हे. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आहे. तेथे जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत रस्ता-अपघातात एकही मनुष्य मेला नाही. साडेसहा लाखांहून अधिक वस्तीचे ते शहर आहे.

भाद्रपदात गणपतीच्या मांडवात आम्ही आळीची सभा बोलाविली. तत्पूर्वी नातवाने आणि आम्ही एक काम केले होते. आळीत खडूने पन्नास मीटर अंतराच्या दोन खुणा करून आम्ही दोघे दोन संध्याकाळ जिन्याच्या पायरीवर बसलो. पन्नास मीटर ओलांडण्यास नऊ सेकंद लागले तर वेग ताशी २०. सहा लागले तर ३०. साडेचार लागले तर ४०. मोबाइलच्या घड्याळावर हे सहज मोजता येते. वाचकांनी आपल्या आळीत अवश्य करून पाहावे. आमची अपेक्षा अशी की वेगाने जाणारे बहुतेक बाहेरचे निघतील. निघाले ते निराळेच. सर्वांत उतावळी वाहने आमच्याच इमारतींत शिरत होती. घर जवळ आले की माणूस अधिक घाई करतो! सभेत आम्ही कोणाचे नाव घेतले नाही. प्रारंभी आमच्या घरची हकीकत सांगितली. त्यानंतर कोणास नावे घेण्याची गरजच भासली नाही.

चार गोष्टी ठरल्या. एक, मापाबरहुकूम दोन गतिरोधक आणि वेगमर्यादेची पाटी, यासाठी महानगरपालिकेकडे व वाहतूक पोलिसांकडे अर्ज. दोन, गाड्या एकाच बाजूस रांगेने न लावता तीन ठिकाणी बाजू बदलून लावण्यास परवानगी मागावी, म्हणजे आळी पुन्हा वाकडी होईल. तीन, प्रत्येक दिंडी व फाटकाच्या दोन्ही अंगांस गाडी उभी करावयाची नाही, म्हणजे बाहेर येणारे माणूस दुरून दिसेल. चार, परवाना नसलेल्या हातात किल्ली द्यावयाची नाही. आळीतल्या आळीतही नाही.

पहिल्या दोन गोष्टींचे अर्ज गेले आहेत. एक गतिरोधक मापाप्रमाणे झाला, दुसऱ्याची वाट आहे. चौथीचा अंमल घरोघर वडील माणसांकडे. खरी ओढाताण झाली ती तिसऱ्या गोष्टीवर, कारण तीत प्रत्येकाच्या दारापुढची जागा जात होती. आमच्या मुलाचीही मोटार दिंडीसमोरच उभी राही. श्रावणात माईंच्या आड जी मोटार आली, ती आमचीच होती, हे सांगावयाचे आम्ही वर टाळले. आता सांगून टाकतो. मुलगा म्हणाला, "बाबा, रात्री दहाला येऊन मी गाडी कोठे लावू?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आज तो मोटार आळीबाहेर लावून रोज सात-आठ मिनिटे चालत येतो आणि पावसात भिजला की थोडा कुरकुरतो. सुरक्षितता हवी असे सर्वच म्हणतात. तिची किंमत आपल्या दारी मागावयास आली म्हणजे कुरकुर होतेच. ती ऐकून घ्यावी, आणि किंमत द्यावी.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी माई काठी घेऊन दिंडीबाहेर आल्या. दिंडीच्या दोन्ही अंगांस जागा मोकळी होती. त्यांनी दोहोंकडे पाहिले. एक दुचाकी येत होती. ती उंचवट्यावर मंदावली आणि त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर थांबली. माई देवळापर्यंत गेल्या नाहीत. औदुंबर जेथे होता तेथपर्यंत जाऊन परतल्या. आम्हांस पाहून म्हणाल्या, "आज एवढंच, मास्तर. पुढच्या गुरुवारी बघू."

आमच्या दारामागची खुंटी आता रिकामी आहे. किल्ली सूनबाईंच्या कपाटात असते. पाने संपली तर नातू पायी जातो. आम्ही त्यास "पटकन ये" असे म्हणत नाही. एकदा सवयीने तो शब्द तोंडातून निघाला, तेव्हा त्यानेच वळून पाहिले, आणि आम्ही गप्प बसलो.